रखमाजीच्या हवाली केलेलं गाव

फार फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराआडच्या गावांपर्यंत तेव्हा राजाची दवंडीही पोचत नसे. गोष्ट लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून थोडा वेळ गप्प बसावं, अशी आहे.

एका तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. गावाला ना राजा होता ना पाटील. काही ठरवायचं झालं की बाया-माणसं सामाईक खळ्यावर जमत. तिथली रीत एकच होती. ज्याला बोलायचं आहे त्याचं बोलून होईस्तोवर कुणी उठायचं नाही.

आणि बोलणं काही संपत नसे! गुरांची गोठण कुठे हलवायची एवढ्यावरून पंधरवडा जाई. कुणी आपल्या पणज्यापासून सुरुवात करी, कुणी मध्येच रुसून पाठ फिरवून बसे. त्यात भिवरा आत्या नावाची एक म्हातारी होती. सगळे हो म्हणाले की ती हळूच पदर सावरायची आणि म्हणायची, "पण..." की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

या भिवरा आत्याचा भाचा रखमाजी. उमद्या मनाचा, कष्टाळू, कुणाच्या काडीला हात न लावणारा. त्याला ही खळ्यावरची घासाघीस अगदी नकोशी व्हायची. सरळ दिसणाऱ्या गोष्टीवर इतकं काय बोलायचं, हे त्याला कळत नसे.

एका वर्षी गुरांमध्ये रोग आला. आजारी गुरं वेगळी काढावीत की नाहीत, यावर खळ्यावर वाद सुरू झाला. इकडे वाद चालू आणि तिकडे दावणीला गुरं मरत होती. शेवटी रखमाजी उठला. कुणाला न विचारता त्याने आजारी गुरं हाकली आणि डोंगरापलीकडे नेऊन बांधली. रोग तिथेच थांबला. उरलेली गुरं वाचली.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. "रखमाजी, आता तूच ठरवत जा," लोक म्हणाले. "तुला कळतं, तू कुणाचं वाईट करणार नाहीस. आम्हाला आमची कामं करू दे."

भिवरा आत्या तेवढी म्हणाली, "पण पोरांनो, माणूस चांगला आहे म्हणूनच मला भीती वाटते. वाईट असता तर तुम्ही त्याच्या हाती काही दिलंच नसतं."

लोक हसले. रखमाजीही हसला. तो म्हणाला, "आत्या, मी विचारल्याशिवाय काही करेन होय?"

आणि खरंच, आरंभी तो विचारत असे. घरोघर जाई, ओट्यावर बसे, म्हणे, "बोला, तुम्हाला काय वाटतं?" लोक म्हणत, "तुला वाटेल ते." मग तो एकाआड एक घर टाळू लागला. मग पाच-सहा जाणत्यांनाच विचारू लागला. जाणतेही मान डोलवू लागले, तेव्हा विचारायचं कारणच उरलं नाही. त्याचे निर्णय बहुतेक बरोबर ठरत. गाव सुखात होतं. खळ्यावर आता फक्त मळणी होई.

या साऱ्यात कधी झालं कुणाला कळलं नाही, पण लोक त्याला 'तू' म्हणायचे ते 'तुम्ही' म्हणू लागले. रखमाजीला ते पहिल्यांदा कानाला टोचलं. पुढे सवय झाली. मग ते आवडू लागलं.

'तू' म्हणणारी एकटी भिवरा आत्या उरली. एक दिवस रखमाजी ओट्यावर चार माणसांत बसला असता ती आली. शेतांकडे जाणारी पाणंद अरुंद करायचं त्याने ठरवलं होतं. ती म्हणाली, "रखमा, पण गाड्या वळायच्या कशा?"

रखमाजी त्या दिवशी थकलेला होता. तो म्हणाला, "आत्या, दर वेळी तुझं 'पण' असतंच. आता घरी बसून नातवंडं खेळव की!"

माणसं खो खो हसली. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि ती निघून गेली. पुन्हा कधी त्याच्या ओट्याची पायरी चढली नाही. त्याच हिवाळ्यात ती वारली. तिला खांदा देताना रखमाजीला वाटलं, एकदा जाऊन माफी मागायला हवी होती. पण रोजची कामं इतकी होती की हा विचारही मागे पडला.

पुढे पावसाने दोन वर्षं हात आखडता घेतला. उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसू लागला. रखमाजीने ठरवलं, तळं भरलं की जादा पाणी ज्या वाटेने निघून जातं तो सांडवा दगड रचून उंच करायचा, म्हणजे पाणी जास्त साठेल. त्याने गावाच्या भल्यासाठीच ठरवलं. लोकांनी निमूट दगड वाहिले.

काम चालू असताना एका सकाळी सोमा कोळी त्याच्या दारी आला. तळ्यात जाळं टाकून पोट भरणारा हा माणूस. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काय रे सोमा, काय काम काढलंस?" रखमाजीने विचारलं.

"काही नाही, सहज आलो होतो," सोमा म्हणाला. थोडा घुटमळला आणि परत गेला.

त्या वर्षी पाऊस आला तो भरपाई करायलाच आल्यासारखा. तळं काठोकाठ भरलं, सांडव्याला पाणी टेकलं, आणि एका दुपारी वाढलेल्या पाण्याच्या भाराने तळ्याचा मातीचा बांध मधोमध फुटला. खालची शेतं खरवडून गेली. खालच्या आळीतली घरं पडली. सोमाची लेक गोजा करडं आणायला ओढ्याकडे गेली होती. ती सापडली ती दुसऱ्या दिवशी, बाभळीच्या जाळीत अडकलेली.

रखमाजी सोमाच्या घरी गेला. ओसरीत टेकून त्याने विचारलं, "सोमा, बांध कच्चा झालाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं का रे?"

"ठाऊक होतं," सोमा म्हणाला. "बांधाच्या पोटात खेकड्यांनी बिळं केली होती. पाणी पाझरत होतं. मी पाहिलं होतं, गुराख्यांनी पाहिलं होतं. मी सांगायला आलोही होतो तुमच्या दारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल. तुम्हालाच तर सगळं ठाऊक असतं. आणि आत्यासारखं चारचौघांत माझंही हसं झालं असतं, तर... झालं असतं तर काय बिघडलं असतं, दादा? माझी पोर तरी राहिली असती."

'मला का नाही सांगितलंत' हा प्रश्न गावाला विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे रखमाजीला त्या ओसरीत कळलं.

बांध पुन्हा घालण्याआधी त्याने सगळ्या गावाला खळ्यावर बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "माझं चुकलं. आजपासून मी एकटा काही ठरवणार नाही. बांध कसा घालायचा, सांडवा कुठे ठेवायचा, तुम्ही बोला."

कुणी बोललं नाही.

"बोला ना!"

एक जाणता माणूस उठून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं करू." सगळ्यांनी मान डोलवली. ज्या पोरांना मिसरूड फुटलं होतं त्यांनी अशी बैठक कधी पाहिलीच नव्हती. ती बावरून बसली होती. पुढच्या बैठकीत दोघे-तिघे बोलले, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय गेली होती. लगेच हमरीतुमरी झाली. तिसऱ्या बैठकीला निम्मं गाव आलंच नाही. लोक चिडून म्हणू लागले, "हे काय लावलंय? यांना ठरवायला काय झालं?" रखमाजी घरोघर पुन्हा फिरला, विनवण्या करीत. ज्या घरांवरून तो एकेकाळी पुढे निघून गेला होता, त्या घरांना आता त्याचं हे विचारणं ओझं वाटत होतं. भिवरा आत्या असती तर, असं त्याच्या मनात कितीदा तरी आलं.

बांध अर्धाच राहिला होता, तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातला एक सरदार घोडेस्वार घेऊन आला. खळ्यावर घोडं थांबवून त्याने विचारलं, "या गावाचं कोण ठरवतं?"

सगळ्यांच्या नजरा रखमाजीकडे वळल्या. रखमाजी पुढे झाला. "इथे एकटा कुणी ठरवत नाही," तो म्हणाला. "सगळे मिळून ठरवतात."

"असं?" सरदार हसला आणि लोकांकडे वळला. "मग बोला. मी इथे राहावं की जावं?"

रखमाजीने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सोमाचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. कुणी जमिनीकडे पाहत होतं, कुणी शेजाऱ्याकडे. "जा" हा एकच शब्द हवा होता, आणि तो शंभर तोंडांतून एकदम निघाला असता तर मूठभर स्वारांनी काय केलं असतं?

"ठीक आहे," सरदार म्हणाला. "आजपासून मी ठरवेन."

मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "बरं."

सरदार काही रखमाजी नव्हता. सुगीचं निम्मं धान्य त्याच्या कोठारात जाऊ लागलं. धडधाकट माणसं त्याच्या गढीच्या भिंतीवर राबू लागली. रखमाजीही त्या वेठीला जाई. डोक्यावर दगड घेऊन चालताना तो शेजारच्या माणसाशी बोलू पाही, "तुला काय वाटतं रे?" माणूस घाबरून पावलं भरभर टाकी. सरदाराने आपल्याकडून काही हिसकावलं असं रखमाजीला वाटतच नसे. सरदाराला रिकामं पडलेलं एक आसन मिळालं होतं, आणि ते आसन रखमाजीने स्वतः, भलेपणाने, वर्षानुवर्षं घडवलं होतं. हे दुःख कुणाला सांगावं, तर ऐकून 'पण' म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: आपला कारभार भल्या माणसाच्याही हाती सोडून गप्प बसू नये, कारण न बोलण्याची सवय त्या भल्या माणसापाशी लागते आणि तिचं मोल पुढे वाईट माणसापाशी चुकवावं लागतं.