पेवात सोडलेला दिवा

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर माणसं धान्य पोत्यांत नाही, पेवात ठेवत तेव्हाची. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड, आणि आत दोन पुरुष खोल.

एका राज्यातली सगळी पेवं कोंडाबाई सांभाळायची. थोडीथोडकी नाही, तीस वर्षं. धान्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे कोठावळा, वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही जागा कोंडाबाईचीच. तिलाही वाटलं. का वाटू नये?

पण राजाने दवंडी पिटवली, ज्याच्याकडे विद्यापीठाची सनद, तोच कोठावळा.

"मला सही येत नाही महाराज, पण पेव येतं," कोंडाबाई म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," राजा म्हणाला.

कोंडाबाई घरी आली, चुलीपुढे बसली आणि पोटभर रडली. लपवायचं कशाला?

सनद घेऊन सोमदेव आला. माणूस वाईट नव्हता बरं का! हुशार होता, धान्याच्या छत्तीस जाती तोंडपाठ. फक्त पेव त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पीक बुडालं. लोक टोपल्या घेऊन आले. चार वर्षं बंद असलेलं पेव उघडलं. सोमदेवने सनद कमरेला खोचली आणि शिडीवर पाय ठेवला.

"पहिली टोपली मी स्वतः भरून देणार!"

कोंडाबाई बाजूलाच उभी होती. गप्प राहिली असती, तर कोठावळ्याची जागा त्याच दिवशी पुन्हा रिकामी झाली असती. हे तिच्या मनात आलं. आलंच, ती काही देवी नव्हती.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "आधी दिवा सोडा."

"भर दुपारी दिवा? बाई, कुठल्या ग्रंथात लिहिलंय हे?"

"ग्रंथाचं मला ठाऊक नाही. माझा थोरला भाऊ असाच उतरला होता. तो वर आलाच नाही."

तिने टोपलीत दिवा ठेवून दोरीने खाली सोडला. हातभर गेला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

"आतली हवा मेलीय," कोंडाबाई म्हणाली.

सोमदेवने पाय मागे घेतला.

मग कोंडाबाईने कडुलिंबाच्या डहाळ्या दोरीला बांधल्या. आतली हवा हलावी म्हणून दिवस कलेपर्यंत लोकांनी त्या पेवात खालीवर केल्या. शेवटी दिवा तळापर्यंत जळत गेला, तेव्हा कुठे माणूस उतरला. त्या संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या.

दुसऱ्या दिवशी सोमदेवने राजापुढे सनद ठेवली.

"महाराज, विद्यापीठात मला सगळं विचारलं, दिव्याचं कुणी विचारलं नाही. ही जागा या बाईंची. मी त्यांच्या हाताखाली राहीन, त्या सांगतील ते लिहून ठेवीन. नाहीतर त्यांच्यामागे हे कुणाला कळणार?"

राजा ओशाळला. कोंडाबाई कोठावळीण झाली. पुढे जागा मागायला कुणीही येवो, सनद असो वा नसो, राजा त्याला पेवाच्या तोंडाशी उभा करी आणि विचारी, "आधी काय करशील?"

सोमदेवने ग्रंथ लिहिला. त्याचं पहिलं पान दिव्याचं. त्या पानाखाली कोंडाबाईने सही केली. सही तेवढी ती सोमदेवकडून शिकली होती.

तात्पर्य: सनद माणसाला पेवाच्या तोंडाशी आणून उभं करते, आत उतरून वर यायचं, तर काम यावं लागतं.