ठकूबाई आणि कड्यावरची गिधाडं

ऐका तर. फार वर्षं झाली, घाटमाथ्यावर रस्ताही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सोनथळ गावाच्या वर काळा कडा आणि कड्यावर गिधाडांची वस्ती. गावात जनावर मेलं की ओढून माळावर टाकायचं. गिधाडं उतरायची आणि नुसती हाडं ठेवून जायची. एकदा बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे ओस पडले. तेव्हा गिधाडांनी माळ साफ ठेवला म्हणून रोग तिथेच थांबला, असं म्हणतात.

गावात ठकूबाई धनगरीण होती. विधवा, तोंडाची फटकळ. घरात एकटी सून, बायजा, आणि तिच्याशी उभा दावा. एका साली बिबट्या माजला. रोज कुणाचं तरी वासरू जायचं. शेवटी त्यानं ठकूबाईची गाय मारली आणि अर्धी खाऊन माळावर टाकली.

पाटील म्हणाले, "म्हातारे, उरलेलं खायला तो परत येणार. गाय गावाला दे, तिच्यात काजऱ्याचं विष घालू."

ठकूबाई रागानं पेटलेली. "घाला! मरू दे मेल्याला."

विष घातलं, पण त्या रात्री बिबट्या काही आला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि कड्यावरून पहिलं गिधाड सुटलं. तेव्हा कुठे म्हातारीच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बया! हे विष तर आता गिधाडं खाणार!" ती धावत सुटली, ती थेट गायीवर जाऊन बसली आणि काठी फिरवायला लागली.

पाटील गाव घेऊन आले. "ऊठ म्हातारे. गाय दिलीस ना? आता काय करायचं ते गाव ठरवील."

"दिली होती. आता परत घेतली."

"गिधाडांसाठी बिबट्या सोडायचा?"

"बुळकांडीत तुमची ढोरं कोणी निस्तरली? तुम्ही तर नाकाला धोतर लावून पळाला होतात."

लोक हसले, पण जागचं कुणी हललं नाही. गाय पुरावी तर खाली सगळा कातळ.

ऊन तापलं. गिधाडं भोवती रिंगण करून बसली. एक थोराड गिधाड पुढे सरकलं, त्याला ठकूबाईनं दम भरला, "आज नाही. बाटलंय हे!" मग सगळी गिधाडं आभाळात चढली आणि त्यांनी पंखांची सावली तिच्यावर धरली, असं म्हणतात. खरंखोटं त्या कड्याला ठाऊक. म्हातारीच्या हातातली काठी मात्र गळून पडली.

तेव्हा गर्दीतून बायजा निघाली. एक धोंडा उचलून तिनं गायीवर ठेवला. "उठा आता आत्याबाई, का तुमच्यावरही घालू?"

मग एकेकानं धोंडा आणला. पाटलांनीसुद्धा. सांजेपर्यंत गाय दिसेनाशी झाली. बिबट्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

ठकूबाईला जाऊनही पिढ्या लोटल्या. पण आजही सोनथळात जनावर मेलं की धन्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून चारचौघांत सांगायचं, काय खाल्लं होतं, दवा कसली दिली, सुई टोचली होती का. टोचली असेल तर त्या दवेनं गिधाडं मरतात म्हणून जनावर पुरतात, खड्ड्याला जागा कितीही लांब शोधावी लागो. आणि जनावर चोख असेल तर धनी चार पावलं मागे येतो, माळाकडे बघतो आणि हाक मारतो, "ठकूबाई, ऊठ गं. खाऊ दे त्यांना."