दादाला शोधणारे वानर

एका नदीच्या डोहावर जिथे जंगल अगदी ओणवे झाले आहे, तिथल्या उंबरावर वानरांची एक टोळी राहत असे. त्या टोळीत दोन भाऊ होते. त्यांना आई नव्हती, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवले होते. थंडीत थोरला वाऱ्याच्या बाजूला बसे आणि धाकट्याला आतल्या बाजूला घेई. उंबर पिकले की आधी फोडून, त्यातले किडे फुंकून, मग त्याच्या हातात देई. मुलांनो, ज्याला असा दादा असतो त्याला वाटते, हे सगळे असेच चालायचे. पण एका संध्याकाळी थोरला पाणी प्यायला उतरला आणि बिबट्याच्या मादीने त्याला उचलून नेले. धाकट्याने किती हाका मारल्या! दादाने ओ दिली नाही.

धाकटा खाईना, कुणाशी बोलेना. डोहातले म्हातारे कासव काठावर आले आणि म्हणाले, "बाळा, अंग मरतं, जीव मरत नाही. साप कात टाकतो ना, तसा जीव जुनं अंग टाकतो आणि जसं ज्याचं कर्म, तसं नवं अंग घेतो."

"म्हणजे दादा पुन्हा जन्माला आलाय? कुठं?" धाकट्याने विचारले, आणि उत्तराला न थांबता तो पळालासुद्धा.

मग जिथे कुठे नवे पिल्लू जन्मले असेल तिथे तो जाऊ लागला. वाळूतल्या टिटवीच्या पिलापुढे तो वाकला. "दादा, मी आलोय. ओळखलंस का?"

"ए मेल्या!" टिटवी किंचाळली. "कालच अंड्यातून निघालंय ते! दादा कसला? लांब हो, पायाखाली येईल माझं पोर!"

तो सशिणीकडे गेला. "मावशी, यातला माझा दादा कोणता, जरा बघू दे ना."

सशिणीला आधी हसू आले, मग त्याचा चेहरा बघून तिचे हसू गेले. "बघ बाबा, हवं तेवढं बघ," ती म्हणाली. त्याने एकेकाला उचलून डोळ्यांत पाहिले. कुणीच ओळख दाखवली नाही. हा नव्हे, हाही नव्हे, असे म्हणत तो परतला. टोळीचा म्होरक्या हुप्प्या वरून ओरडला, "मिळाला का रे दादा? आता बेडकांना विचार, त्यांच्याकडे पोरं रग्गड आहेत!" सगळी टोळी खो खो हसली. धाकटा मात्र दुसऱ्या दिवशी खरोखरच बेडकांकडे गेला. त्याला लाज नव्हती. त्याला दादा हवा होता.

एके दिवशी दुपारी डोहात धपकन आवाज झाला. काठावरच्या कपारीतून बिबट्याचा इवलासा बछडा घसरून पाण्यात पडला होता. त्याची आई शिकारीला गेली होती. तो पाय मारत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. धाकटा सरसर खालच्या फांदीवर उतरला.

"मागे फिर!" हुप्प्या गरजला. "कुणाचा आहे तो, माहीत आहे ना? बुडू दे त्याला!"

धाकट्यालाही क्षणभर तेच वाटले. बुडू दे, असे त्याच्या ओठांवर आलेच होते.

तेवढ्यात हुप्प्या पुढे म्हणाला, "अरे, त्याच्या आईने तुझ्या दादाला खाल्लं! त्याचंच दूध झालं, आणि ते हा पिऊन वाढलाय!"

धाकटा चपापला. त्याने वर बघितले. "मग तर दादा याच्यात आहेच की!" तो ओरडला, आणि फांदीला लोंबकळून त्याने पाण्यात हात घातला.

बछड्याने घाबरून त्याच्या हातात नखे रुतवली. रक्त वाहू लागले, फांदी करकरली, तरी धाकट्याने पकड सोडली नाही. त्याने बछड्याला ओढून छातीशी धरले आणि काठावर आणून ठेवले. इतक्यात झुडपे हलली. धाकटा झाडावर चढला. मादी आली, तिने ओले पिल्लू तोंडात धरले, एकदा वर पाहिले आणि ती निघून गेली.

"काय रे," हुप्प्याने विचारले, "दादाने ओळखलं का तुला?"

"नाही. नुसता खोकला."

"मग? तो दादा नव्हताच."

"नसेल," धाकटा म्हणाला. "पण माझ्या छातीला लागला तेव्हा त्याच्या आत धडधडत होतं, भीतीने, माझ्यासारखंच. टिटवीच्या पिलातही तसंच धडधडत असणार. दादातही तसंच होतं. मी आपला सगळ्यांची तोंडंच बघत बसलो."

डोहातून कासव म्हणाले, "अंगं निराळी, बाळा. आतला एकच."

ते ऐकले आणि दादा गेल्यापासून कोरड्या राहिलेल्या धाकट्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. या वेळी टोळीत कुणी हसले नाही. हुप्प्या खाली उतरला, त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या हातावरचे रक्त चाटू लागला.

तात्पर्य : आपला माणूस जातो, पण त्याच्यातला जीव जगातून जात नाही, तोच सगळ्यांत आहे, म्हणून वैऱ्याच्या पोरालाही बुडू देऊ नये. आणि हे कळल्यावरही दादाची आठवण येतेच. ती येऊ द्यावी.