तिसरा पाहुणा

रंगाच्या कारखान्यांना नुकती कुठे धुराडी फुटू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका बाटलीत सहा कार्बन भावंडं हातात हात गुंफून, कडं करून राहायची. सगळ्यांची इलेक्ट्रॉनांची शिदोरी एकच, म्हणून घर भक्कम. थोरलीच्या खांद्याला हायड्रॉक्सिल बिलगलेला असे. तो हाताचा सढळ. सदा शिदोरीत भर घालायचा.

भरल्या घराचा सुगावा लागला आणि नायट्रो नावाचा पाहुणा दारात आला. तो येताच भावंडांवर पिवळी कांती चढली. रेशीम रंगवणारे वाहवा करू लागले. थोरली हरखली. "असाच आणखी एक येऊ दे," ती म्हणाली. दुसरा आला, मग तिसरा.

तिघेही ओढणारे. शिदोरी तिन्हीकडून ताणली गेली. कडं कण्हू लागलं.

"आता तरी जा रे बाबांनो," थोरली कळवळली.

"तूच हाताला धरून आत घेतलंस ना?" तिसरा म्हणाला. "आता सुटलो, तर असे सुटू की भिंतसुद्धा उरायची नाही."

बाटलीतलं पाणी तेवढं मधे पडून सगळ्यांना शांत ठेवत होतं. पण त्यात भर घालायची कारखान्यात कोणाला आठवण राहिली नाही, आणि उन्हाळ्यात ते आटून गेलं.

एका सकाळी फडताळ पुसणाऱ्या गुणाजीने बाटली उचलली.

"काय सुरेख पिवळं आहे!" तो म्हणाला.

थोरली जिवाच्या आकांताने ओरडली. माणसाला ते कुठलं ऐकू जायला? झाकण गच्च बसलं होतं. गुणाजीने बाटली पोटाशी धरली आणि झाकण जोर लावून पिळलं. झाकणाच्या आट्यांत वाळून बसलेले पिवळे कण करकरले, आणि तिघेही एकदम सुटले.