अवसेची चांदणी

दुकानातल्या वस्तू एकमेकींशी भांडत, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मालक एका जाड टीव्हीचे सुटे भाग करून विकणार होता. शेजारचा दुप्पट किमतीचा सडपातळ टीव्ही खिदळला, "ढेरपोट्या, तुला कोण घेणार? माझे दिवे बघ, नुसते कडेला!"

जाड्याच्या पडद्यामागे पोटभर दिवे होते. ते भीतीने थरथरले.

तेवढ्यात काळी लुगडी रंगवणाऱ्या गोदूबाई आल्या. "पडद्यावर फुलंबिलं नकोत," त्या मालकावर कडाडल्या. "अवसेच्या आभाळात एकच चांदणी दाखव!"

त्या एका चांदणीसाठी सडपातळाला कडेचे सगळे दिवे पेटवावे लागले. आभाळ राखेसारखं पांढुरकं झालं. जाड्याने जीव मुठीत धरून चांदणीमागचा दिवा तेवढा ठेवला, बाकीचे विझवले.

"याला म्हणतात काळं!" गोदूबाई म्हणाल्या. "हाच बांध. कुठे विझायचं ते याला कळतं."