न घातलेल्या कुरडया

कोणे एके काळची नव्हे, गेल्याच वैशाखातली ही गोष्ट. तापीकाठच्या एका गावात द्वारका नावाची एक आई राहत होती. वय साठीच्या पुढचे, नवरा निवर्तलेला, मुलगा धनंजय बंगळूरला आणि मुलगी कल्याणी नाशिकला. आईची गोष्ट म्हटली की ऐकणारे आधीच रुमाल काढून बसतात. तो तूर्त खिशातच असू द्या. ही आई रडत नव्हती, रागावलेली होती, आणि रागावलेल्या आईकडे दयेने पाहिले तर ती आणखीच रागावते.

राग कशाचा, तर कुरडयांचा. हसू नका. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना ठाऊक आहे की हे एका दिवसाचे काम नाही. गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, पिळून, गाळून त्यांचे सत्त्व रात्रभर निवळू द्यायचे. पहाटे वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी पांढराशुभ्र चीक उरतो. तो उकळत्या पाण्यात घोटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायचा. हात भाजतात, पाठ धरते. लग्न झाल्यापासून द्वारकेचा एकही उन्हाळा याविना गेला नव्हता, आणि अलीकडे तर हे सगळे ती केवळ मुलांसाठी करी. डबे भरावेत, कुणी त्या बाजूला जाणारे भेटले की त्यांच्याबरोबर धाडावेत, हेच तिचे मुलांशी बोलणे होऊन बसले होते.

यंदा गहू भिजत घालण्याआधीच कल्याणीचा फोन आला. जावयाची बदली गुवाहाटीला झाली होती, मेअखेर बिऱ्हाड हलवायचे होते. तेवढ्या लांबून पुन्हा येणे कधी घडेल कुणास ठाऊक, म्हणून त्याआधी नातीला घेऊन आठ दिवस आईकडे राहायचे तिने ठरवले होते. इथवर सगळे गोड चालले होते. मग ती सहज म्हणाली, की आई, यंदा कुरडया करू नकोस; गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्याही तशाच पडून आहेत, इतक्या लांब कुठे वाहून न्यायच्या.

हे शब्द द्वारकेच्या जिव्हारी लागले. कुरडया नकोत तर आईचे घर तरी कशाला हवे, असे ती फटकन बोलून गेली, आणि वर म्हणाली, की राहू दे, येऊच नकोस. मग कल्याणीने "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मायलेकींमध्ये अबोला सुरू झाला. आपणच फोन करावा, लेक जाण्याआधी तिचे तोंड पाहावे, असे द्वारकेला उठताबसता वाटे. पण लगेच दुसरे मन म्हणे, मी का म्हणून करू? हाडांची काडे मी केली. आणि दुखावलेले माणूस काय करील याचा काही नेम नसतो. आठवडाभराने द्वारकेने त्याच तिरीमिरीत नेहमीपेक्षा दुप्पट गहू भिजत घातले.

त्याच गावात भिरूडबाई म्हणून एक वृद्ध शिक्षिका होत्या. द्वारकेचे माहेरही याच गावचे; तिला पाटीवर पहिले अक्षर त्यांनीच गिरवायला लावले होते. शाळा सुटून जन्म लोटला, तरी काही अडले की द्वारका अजून त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसे, आणि बाईही तिला अजून वर्गातल्यासारखीच हाक मारीत. तशी ती त्या संध्याकाळीही गेली आणि तिने मनातले सगळे ओकून टाकले. पोरे उलटली, म्हणाली. स्वतःच्या तोंडचा घास काढून त्यांना वाढवले, म्हणाली. नवरा किती हौशी होता! दर वर्षी म्हणायचा, चल, चार दिवस कुठेतरी फिरून येऊ. आणि ती दर वर्षी म्हणायची, पोरे मार्गी लागू द्या, मग जाऊ. पोरे मार्गी लागली तोवर नवऱ्याचे गुडघे गेले, आणि पाठोपाठ नवराच गेला. तरुणपण कधी आले नि कधी सरले ते तिला कळलेसुद्धा नाही, ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. आणि एवढे करून पदरात काय पडले, तर कुरडया पाठवू नकोस!

बाईंनी सांत्वन केले नाही, ज्याची द्वारकेला थोडीफार अपेक्षा होती. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की कुरडया कोणत्या दिवशी घालणार आहेस, आणि त्या दिवशी मी येईन असे सांगितले.

ठरल्या दिवशी उजाडताच बाई भिंतीला हात टेकत टेकत गच्चीवर चढून आल्या. मदतीला गल्लीतल्या चौघीजणी जमल्या होत्या. बाजा मांडलेल्या, त्यावर धुतलेली लुगडी अंथरलेली, चुलीवर मोठे पातेले. चीक घोटायचे काम द्वारका कुणावर सोपवीत नसे. तिच्या घरात एक कडक नियम होता, तोही सासूच्या काळापासूनचा. पहिली कुरडई देवाची, आणि शेवटची कुरडई पडेपर्यंत चिकाला कुणी बोट लावायचे नाही. आधी चीक खाल्ला तर कुरडया वाळताना तुटतात, असे सासू सांगे. शेवटची कुरडई पडल्यावर पातेल्यात उरे ती बुडाला धरलेली खरवड. ती भिजत घालून घासली जाई.

चीक शिजला. काचेसारखा चकचकीत, गाठ म्हणून नाही. द्वारकेने सोऱ्या पुसून हातात घेतला, तेवढ्यात बाईंनी वाट्या मागवल्या. दूध, साखर, तेल आणि तिखटही मागवले. देवासाठी नैवेद्य काढणार असतील, असे द्वारकेला वाटले. बाईंनी पळी पातेल्यात घातली, वाट्या काठोकाठ भरल्या आणि त्या चौघीजणींच्या हातात देऊन म्हणाल्या, "खाऊन घ्या." चौघी द्वारकेकडे पाहू लागल्या. पण त्याही एकेकाळी बाईंच्याच वर्गात बसलेल्या, त्यांचा शब्द मोडायची प्राज्ञा कुणाची? त्या बसल्या आणि खाऊ लागल्या. पहिले दोन घास संकोचाने गेले. मग एकीने तिखट जास्त घेतले म्हणून दुसरी हसली, तिसरीने पुन्हा वाटी पुढे केली. बाई कठड्याशी गेल्या आणि गल्लीत जो जो दिसला त्याला त्यांनी वर बोलावले. दूधवाला आला, शेजारची म्हातारी आली, शाळेला सुट्टी असलेली पोरे तर जिना दणाणून सोडत आली. बाई वाढत राहिल्या. बघता बघता पातेल्याचा तळ दिसू लागला, आणि बाजेवर एकही कुरडई पडली नव्हती.

द्वारका रिकामा सोऱ्या धरून उभी होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली. दुसरे कुणी असते तर तिने गच्चीवरून खाली घातले असते.

"बाई, हे काय केलंत? माझं तीन दिवसांचं काम मातीत घातलंत."

"कुणासाठी होतं ते?"

"कुणासाठी म्हणजे? पोरांसाठी."

"त्यांना तर नको आहेत म्हणालीस," बाई शांतपणे म्हणाल्या. "बरं, एक सांग. कल्याणीला चीक कसा आवडायचा? दूधसाखर घालून, की तेलतिखट?"

द्वारकेला ते ठाऊकच नव्हते. मुलीच्या पत्रिकेतले ग्रह तिला पाठ होते, लहानपणीचे आजार पाठ होते, आणि ही एवढीशी गोष्ट ठाऊक नव्हती. आठवत होते ते वेगळेच. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाटी घेऊन उभी राहिलेली परकरातली कल्याणी, आणि पळीने धमकावून तिला खाली पिटाळणारी आपण. कुरडया होऊ देत, मग बघू. दर उन्हाळ्यात हेच. एका उन्हाळ्यात ती वर आलीच नाही. तो कोणता उन्हाळा, हेही द्वारकेला सांगता आले नसते. उलट पोर शहाणी झाली, आता मध्येमध्ये करत नाही, असे तिने चारचौघींत कौतुकाने सांगितले होते.

"सासूबाईंचा नियम होता, बाई. माझं काय चालत होतं त्या घरात?"

"सासू होती तोवर तुझा दोष नाही. ती गेली तेव्हा कल्याणी केवढी होती?"

"आठ वर्षांची."

"मग?"

बाईंनी तिला समोर बसवले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण मायेने ओथंबलेलाही नव्हता. वर्गात चुकलेले गणित ज्या आवाजात त्या सोडवून दाखवीत, त्याच आवाजात त्या बोलल्या.

"द्वारका, कुरडई वर्षभर टिकते. चीक अर्धी घटका टिकतो. जे टिकतं ते तू पोरांना डबे भरभरून दिलंस, आणि जे टिकत नाही ते कुणालाच दिलं नाहीस. नवऱ्याला दिलं नाहीस, स्वतःलाही घेऊ दिलं नाहीस. तू कष्ट केलेस, हे कोण नाकारतं? पण त्या कष्टांत पोरांना तू दिसलीस ती पाठमोरी. आता तुझी तक्रार आहे की पोरं तुला विचारत नाहीत. विचारतात की. त्यांना वाटतं, आई कुठे जातेय, आहे तिथे आहे, सवडीने भेटू. माणसाला सवडीसाठी राखून ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवलं?"

ऊन चढू लागले होते. रिकाम्या बाजांवरची लुगडी वाऱ्याने फडफडत होती. द्वारकेला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हते. सासू नव्हती. नवरा नव्हता. बाईंवर तो चालण्यासारखा नव्हता. शेवटी तिने कमरेचा फोन काढला आणि सगळ्यांसमक्ष लेकीला लावला.

कल्याणीने उचलला. द्वारकेने खुशाली विचारली नाही, भांडणाचा विषय काढला नाही.

"तुला चीक कसा आवडतो गं? गोड की तिखट?"

पलीकडे सामान ओढल्याचे आवाज येत होते. कल्याणीला आधी प्रश्नच कळला नाही. तो कळल्यावर ती म्हणाली,

"मला कसं माहीत असणार, आई? तू कधी खाऊच दिला नाहीस."

ती रागाने म्हणाली असती तर द्वारकेला उत्तर सुचले असते. तिची कटकट, तिचे टोमणे यांना पुरून उरण्याची द्वारकेला सवय होती. पण कल्याणी अगदी साध्या आवाजात म्हणाली, कुणी गावाचे नाव विचारावे आणि आपण सांगावे तशी.

"मग ये ना. आठ दिवस नको, दोनच दिवस ये. पोरीला घेऊन ये."

कल्याणीने सांगितले ते असे. आईकडे यायचे नाही म्हटल्यावर ते आठ दिवस मोकळे पडले. तेव्हा मेअखेरपर्यंत थांबण्यात काय अर्थ, असा विचार करून त्यांनी निघणेच अलीकडे आणले. आजच सामान ट्रकमध्ये चढत होते. उद्या सकाळचे विमान होते. आता नाही गं जमणार आई, ती म्हणाली, आणि त्यात खोटे काही नव्हते. एरवी द्वारकेने यावर चार शब्द सुनावले असते. या वेळी ती इतकेच म्हणाली, की सांभाळून जा, पोरीला विमानात कानात कापूस घाल. मग फोन ठेवून ती गच्चीच्या फरशीवर तशीच बसून राहिली.

शेजारणी एकेक करून निघून गेल्या. पोरे केव्हाच पांगली होती. बाईंनी एक वाटी तिच्यासाठी आधीच भरून बाजूला ठेवली होती, ती उचलून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. द्वारकेने वाटीकडे पाहिले. सासरी आल्यापासून तिने इतक्या वेळा चीक शिजवला होता, पण बसून, वाटीत घेऊन तो खाल्ला नव्हता. वरची साय घट्ट झाली होती, चमचा आत शिरेना. तिने एक घास कसाबसा सोडवला आणि तोंडात घातला. तो बराच वेळ तोंडात घोळत राहिला.

"कसा लागतो?" बाईंनी विचारले.

"गार झालाय, बाई."

बाईंनी मान हलवली. गरम करून देते, असे त्या म्हणाल्या नाहीत. द्वारकेनेही मागितले नाही. ती खाली मान घालून दुसरा घास सोडवू लागली.