तांबडेमाळची वाट्यांची घंटा

सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. जोशांनी काढलेला मुहूर्त तोच होता आणि ओताऱ्याने बरोबर त्याच वेळी पितळेचा रस साच्यात सोडला, असे सांगतात. साल विचारलं तर आमच्या तांबडेमाळला कुणी धड सांगणार नाही. वेळ मात्र लहान पोरालाही पाठ आहे.

ओढ्याच्या पलीकडे दोन दगडी खांब उभे आहेत, वर आडवी तुळई आणि तुळईला ती घंटा. घंटेच्या आत वाजायची जीभ असते ती हिला नाही. खांब गरीबखान्याच्या दरवाजाचे. बाकी भिंतींचे दगड गावाने घरांना लावले. लांबून माणसं बघायला येतात, त्यांना सखाहरी आबा सगळं सांगतात. मी शेजारीच राहते, पाणी घेऊन जाते, तेव्हा ऐकलेलं हे.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारने इथे गरीबखाना काढला होता म्हणे. ज्यांच्या अंगात जोर होता त्यांना खडी फोडायला लांब पाठवत. म्हातारी, आजारी, लहान पोरं, यांना इथे ठेवत आणि दोन वेळा पेज देत. पेज घ्यायला वाटी ज्याची त्याने आणायची. घरातली भांडी विकून झालेली, पण एक वाटी प्रत्येकाने राखलेली असे. जत्रेतला कासार टिंबं टिंबं ठोकून नाव घालून देई, तसं त्या वाट्यांवर नाव असायचं.

पेज शिजवायला सोनाऊ नावाची बाई होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिने आपला एक नेम केला. जो जिवंत बाहेर पडेल त्याने वाटी घेऊन जायची. जो इथेच गेला त्याची वाटी घासून कोठीच्या फळीवर पालथी ठेवायची. दीड वर्षाने गरीबखाना बंद झाला तेव्हा फळ्या भरून गेल्या होत्या. कारकुनाचं नावांचं बाड होतं, ते पुढे वाळवीने खाल्लं. म्हणजे कोण मेलं आणि कोण जगलं हे सांगणारं त्या फळ्यांशिवाय काही उरलं नाही.

अकरा वर्षं वाट्या तशाच होत्या. मग पाटलांच्या मनात आलं, बेवारस पितळ पडून आहे, त्याची देवाला घंटा करावी, मेलेल्यांना तेवढीच गती मिळेल. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. आबा हे दरवेळी सांगतात.

सोनाऊ तेवढी आडवी आली. म्हणाली, "मास्तर गावाला गेल्यात, बेस्तरवारी येतील. त्यास्नी नावं उतरवून घेऊ द्या, मग काय वितळवायचं ते वितळवा."

पाटील हसले. "सोनाऊ, मेलेल्यांची हजेरी घ्यायची का आता?"

"घ्या की. जित्यांची रोज घेता न्हवं?"

"अगं, अकरा वर्षांत एक माणूस विचारायला आलं न्हाई. आणि मुहूर्त काय तुझ्या मास्तरासाठी थांबतोय?"

माणसं हसली. कुणी ऐकेना, तेव्हा शेवटी सोनाऊने स्वतःच्या हाताने वाट्या पाटीत भरून दिल्या. नऊ वाजून बारा मिनिटांनी घंटा ओतली गेली.

त्याच दिवशी, सूर्य डोक्यावर आला तेव्हा, गोजरा नावाची बाई गावात आली. पाय फुटलेले, लुगड्याला चार गाठी. दुष्काळात तिला धरणाच्या कामावर पाठवलं होतं आणि पाच वर्षांची ठकू इथे ठेवून घेतली होती. कामावर तापाने पडली, बरी झाली तोवर मुकादमाने तिला टोळीबरोबर आणखी दक्षिणेला नेलेलं. परत फिरायला तिला अकरा वर्षं लागली.

तिने सोनाऊला विचारलं, "मावशे, मेलेल्यांच्या वाट्या तुम्ही राखल्यात म्हणं. माझ्या पोरीची वाटी हाय का बघू द्या. ठकूचं नाव हाय तिच्यावर. असंल तर रडून मोकळी हुते. नसंल तर पोर जिती हाय, हुडकत जाते."

सोनाऊने रिकाम्या फळ्यांकडे बघितलं.

"मावशे, डाव्या कानाची पाळी फाटलेली हुती बघा तिची. आठवतीया का?"

"बया, पोरी लई हुत्या गं. समद्यांची डोकी फडक्यानं गुंडाळलेली. कानं कुणाची बघू?" असं म्हणून सोनाऊने तिला हाताला धरून साच्यापाशी नेलं.

साचा अजून गरम होता. गार व्हायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस गोजरा तिथून हलली नाही. तिसऱ्या दिवशी ओताऱ्याने माती फोडली, घंटा तुळईला टांगली. गोजराने तिच्यावर तळहात ठेवला, तोंड जवळ नेलं आणि हाक मारली, "ठकूऽ."

घंटा कुणी न वाजवता गुणगुणली, असे सांगतात. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाटील म्हणाले, "बाई, सापडली तुझी लेक. यातच हाय ती."

गोजराने हात काढून घेतला. मग तिने पुन्हा हात ठेवला आणि स्वतःचं नाव घेतलं. "गोजराऽ."

घंटा तशीच गुणगुणली.

"मी तर जिती हाय," ती म्हणाली. "ही समद्यांनाच व्हय म्हणती."

ती कुठल्या दिशेने गेली हे कुणी बघितलं नाही. सोनाऊने ओताऱ्याकडून घंटेची जीभ काढून घेतली आणि ओढ्यात टाकली. पाटलांनीही अडवलं नाही, आणि घंटा देवळात गेलीच नाही, तिथेच राहिली.

आजही तांबडेमाळला बारशाच्या दिवशी आधी वाटीवर नाव घालतात, मग बाळाच्या कानात सांगतात. माणूस गाव सोडून गेलं तर वाटी त्याच्याबरोबर जाते. नाव घातलेलं भांडं, भोक पडलं तरी, मोडीत कुणी घालत नाही. माझी मुलगी अंगणवाडीतून आली की मी आधी तिच्या हातात वाटी आहे का बघते, मग तिला जवळ घेते.

आणि आजही लोक घंटेपाशी येतात. मागच्या वर्षी बार्शीकडच्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या पणजोबांची धाकटी बहीण दुष्काळात हरवलेली, घरात अजून तिच्या नावाने पान वाढतात म्हणाल्या. त्यांनी घंटेवर हात ठेवून नाव घेतलं. घंटा गुणगुणली. बाई हुंदके देत म्हणाल्या, "सापडली हो आमची." आबांनी त्यांना गोजराची गोष्ट सांगितलीच नाही.

मी नंतर विचारलं, "आबा, का नाही सांगितलं?"

आबा म्हणाले, "एकाला सांगितलं हुतं पोरी. त्यानं मग सोताचं नाव घेऊन बघितलं. त्याचं तोंड मला अजून दिसतंया."

आबांच्याने आता सांगवत नाही, म्हणून मी लिहिते. दुष्काळात गेलेलं आपलं माणूस शोधत कुणी तांबडेमाळला यायच्या बेतात असेल, तर त्याला घरीच गाठून सांगा. इथे घंटा आहे, नाव नाही. आणि त्याच्या ओळखीत आणखी कुणी शोधत असेल, तर त्यालाही सांगायला सांगा.